शांतता की सलोखा? मोहल्ल्यातला ‘आप्त’ कोण?

आजचा आपला विषय आहे शहरातल्या वस्त्यांमधून चालणारं शांततेचं आणि सामाजिक न्यायाचं काम. हे काम सहसा बातमीत येत नाही. दंगल झाली की बातमी होते. न झालेल्या दंगलीची बातमी कशी होणार? त्यामुळे जिथे काही घडलं नाही तिथे ते का घडलं नाही, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. आज तो विचारू. त्यासाठी लांब जायची गरज नाही. आधी भिवंडी, मग मुंबईतली धारावी, एवढाच आपला प्रवास आहे. वाटेत न्यायदर्शनातला एक जुना शब्द उपयोगी पडेल. तो शब्द म्हणजे ‘आप्त’. पण सुरुवात त्याहून साध्या, रोजच्या दोन शब्दांपासून करू या.

शांतता आणि सलोखा

मराठीत ‘शांतता’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. वाचनालयाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ ‘बोलू नका’ असा असतो. शहरात तणाव असला की प्रशासन आवाहन करतं, ‘शांतता राखा’; तेव्हा त्याचा अर्थ ‘भांडू नका’ असा असतो. पण या दुसऱ्या आवाहनात पहिला अर्थ हळूच शिरतो. ‘भांडू नका’ म्हणता म्हणता ‘बोलू नका’ होऊन जातं. ज्याचं दुकान जळलं त्यालाही आपण म्हणतो, जाऊ द्या, आता विषय वाढवू नका, कसंबसं शांत झालंय. म्हणजे ज्यानं सोसलं त्यानंच गप्प बसायचं.

याच्या शेजारी आपल्याकडे दुसरा शब्द आहे, सलोखा. शांतता एकट्याचीही असू शकते. रिकाम्या घरात शांतता असते, संचारबंदीतल्या रस्त्यावर असते, स्मशानातही असते. सलोखा एकट्याला करता येत नाही. त्याला दुसरा माणूस लागतो, आणि तो दुसरा माणूस बोलता असावा लागतो.

हा फरक अभ्यासकांनीही केला आहे. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी 1960 च्या दशकात नकारात्मक आणि सकारात्मक अशी शांततेची विभागणी मांडली. प्रत्यक्ष मारामारी नसणं ही नकारात्मक शांतता. समाजाच्या रचनेतच मुरलेला अन्याय दूर होणं ही सकारात्मक. 1963 साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रातही हाच भेद आहे: तणाव नसणं वेगळं आणि न्याय असणं वेगळं.

पण आपल्याला याहून जवळचा आधार आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन तत्त्वं एकमेकांपासून सुटी काढता येत नाहीत. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता लोकांच्या अंगवळणी पडणार नाहीत; ती टिकवायला हवालदार उभा करावा लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हा हवालदार लक्षात ठेवा. पुढे भिवंडीत तो आपल्याला भेटणार आहे, आणि तिथे त्याचं काम थोडं निराळं आहे.

भिवंडी: दोनदा पेटलेली, एकदा न पेटलेली

भिवंडी हे ठाण्याशेजारचं यंत्रमागांचं शहर. मुस्लीम वस्ती मोठी, हिंदू वस्तीही मोठी. उत्तर प्रदेशातून आलेले कामगार, तेलंगणातून आलेले विणकर, मूळचे स्थानिक लोक, सगळे एकमेकांना चिकटून राहणारे. माग एकाचा, सूत दुसऱ्याचं, कापड तिसऱ्याचं, असा धंदा.

या शहरात मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भीषण दंगल झाली. तिचे पडसाद जळगाव आणि महाडमध्येही उमटले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या चौकशी आयोगानं त्याचा सविस्तर अहवाल दिला आणि पोलिसांच्या पक्षपातावर कठोर टीका केली. पुढे मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. त्या वेळी भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून दोनशेहून अधिक माणसं गेली.

आता पुढची तारीख बघा. 6 डिसेंबर 1992 रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार 900 माणसं मेली. त्यांत 575 मुसलमान, 275 हिंदू, 5 इतर, आणि 45 जणांची ओळखच पटली नाही. यांतले 356 मृत्यू पोलिसांच्या गोळीबारातले होते. मुंबई जळत होती. आणि जिच्याकडे सगळ्यांचे डोळे भीतीनं लागले होते ती भिवंडी मात्र शांत राहिली.

का राहिली? आपल्याकडच्या तर्कशास्त्रात अन्वय-व्यतिरेक नावाची पद्धत आहे. एक गोष्ट असताना दुसरी असते आणि ती नसताना दुसरीही नसते, असं दिसलं तर त्या दोहोंत कार्यकारणाचा संबंध शोधायचा. काही लोक म्हणतात, भिवंडीत धंद्यात दोघांचे हात गुंतलेले, म्हणून दंगल झाली नाही. पण हात तर 1970 मध्येही गुंतलेले होते आणि 1984 मध्येही. जी गोष्ट तिन्ही वेळी सारखीच होती ती तिसऱ्या वेळचा फरक कसा समजावून सांगेल? मग 1984 आणि 1992 यांच्या दरम्यान काय बदललं, ते पाहायला हवं.

बदललं ते असं. 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्याआधीही शांतता समित्या होत्या. त्या कशा असतात हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. सण जवळ आला की पोलीस ठाण्यात बैठक, पुढच्या खुर्च्यांवर पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी, भाषणं, चहा, फोटो, आणि ‘सण आनंदात साजरा करा’ असं आवाहन. त्यात बसणाऱ्यांपैकी काहींचा तणाव वाढण्यातच फायदा असतो, ही गोष्टही उघड गुपित असते.

खोपडे यांनी वेगळा मार्ग घेतला. शहरात सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी वस्तीतले साधे रहिवासी घेतले. हिंदू आणि मुसलमान साधारण सारख्या संख्येनं. प्रत्येक समितीशी पोलिसांपैकी कुणाची तरी गाठ घालून दिली. बैठका सणापुरत्या न ठेवता नेहमी, वस्तीतच. आणि बैठकीत बोलायचं काय? तर वस्तीतल्या कुरबुरी.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. डिसेंबर 1992 मध्ये भिवंडीचे उपायुक्त खोपडे नव्हते. गुलाबराव पोळ होते. म्हणजे ज्यानं रचना उभी केली तो अधिकारी जागेवर नसतानाही ती रचना कसोटीला उतरली. एका भल्या माणसाची पुण्याई म्हणून ही गोष्ट सांगितली तर तिच्यातून शिकण्यासारखं काही उरत नाही, कारण भली माणसं मागवून मिळत नाहीत. रचना मात्र उभी करता येते.

अफवेला माणूस बळी का पडतो?

आता आपण त्या जुन्या शब्दाकडे येऊ. दंगल बहुतेक वेळा अफवेवर चालते. 1992-93 च्या मुंबईत समुद्रावाटे हल्लेखोर येणार म्हणून लोक रात्र रात्र जागत होते. शिकलेली, विचारी माणसं जागत होती. आपण म्हणतो, लोक मूर्ख असतात, अफवेवर विश्वास ठेवतात. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं वाटत नाही. माणसाचं बहुतेक ज्ञान दुसऱ्याच्या शब्दावरच उभं असतं. आपला जन्म कोणत्या तारखेला झाला हेसुद्धा आपण दुसऱ्याच्याच सांगण्यावरून मानतो. तेव्हा प्रश्न दुसऱ्याचं ऐकावं का, हा नसून कुणाचं ऐकावं, हा आहे.

न्यायदर्शनानं ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द प्रमाण कधी? तो आप्ताचा असेल तर. आणि आप्त कोण? ज्यानं ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं यापुढे एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे. हे आप्ताचं लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे, असं तो म्हणतो. दीड हजार वर्षांहून जुनं हे भाष्य. जन्म, धर्म, प्रतिष्ठा यांचा विश्वासार्हतेशी संबंध नाही, हे त्यात स्वच्छ म्हटलं आहे.

मराठीत मात्र या शब्दाचं काय झालं? ‘आप्त’ म्हणजे नातलग. आप्तेष्ट, आप्तस्वकीय. ज्याच्यावर विश्वास टाकावा तो, या अर्थावरून आपण जो आपला तो, या अर्थावर आलो. एरवी यात काही बिघडत नाही. पण दंगलीच्या रात्री हा अर्थबदल जिवावर बेततो. त्या रात्री आपण फक्त ‘आपल्या’ माणसाचं ऐकतो, आणि नेमकं त्या आपल्या माणसाला पलीकडच्या गल्लीत काय चाललंय हे ठाऊक नसतं. म्हणजे ज्याच्यावर विश्वास आहे त्याला माहिती नाही, आणि ज्याला माहिती आहे त्याच्यावर विश्वास नाही. अफवा नेमकी या फटीत राहते.

मोहल्ला समितीनं काय केलं ते आता समजेल. तिनं रस्त्याच्या पलीकडे एक आप्त तयार केला. ‘मशिदीत शस्त्रं जमवलीत’, ‘देवळावर हल्ला होणार आहे’, असं कानावर आलं की विचारायचं कुणाला, याचं उत्तर आधीच तयार. पलीकडच्या गल्लीतला एक ओळखीचा माणूस आहे, त्याच्याकडे जायचं आणि सरळ विचारायचं. तो म्हणाला की तसं काही नाही, तर त्याच्या शब्दाला वजन आहे. तसाच पोलिसाच्या शब्दालाही वजन आलं, कारण तो लाठी घेऊन पहिल्यांदाच दिसत नव्हता. बाबासाहेबांनी म्हटलेला हवालदार आठवतो ना? बंधुता नसेल तर हवालदार लागतो, हे खरंच. पण तोच हवालदार बंधुता रुजायला मदत करू शकतो का, याचा हा एक प्रयोग होता.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी 1950 ते 1995 या काळातल्या दंगलींचा अभ्यास केला आणि 2002 मध्ये तो पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं की दंगलींतल्या मृत्यूंपैकी चार टक्क्यांहूनही कमी मृत्यू ग्रामीण भागातले आहेत, आणि निम्म्याच्या आसपास मृत्यू केवळ आठ शहरांतले. म्हणजे दंगल सगळ्या देशभर सारखी पसरलेली नाही. काही शहरं पुन्हा पुन्हा पेटतात आणि बाकीची पेटत नाहीत. त्यांचा निष्कर्ष असा की रोजचा नमस्कार-चमत्कार, मुलांचं एकत्र खेळणं, सणाला ताट पाठवणं, यांचं मोल आहे. पण मोठ्या शहरात एवढ्यानं भागत नाही. तिथे दोन्ही समाजांची माणसं ज्यात एकत्र बसतात अशा संघटना लागतात: व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, व्यावसायिकांच्या, वाचनालयांच्या. भिवंडीचं उदाहरणही त्यांनी घेतलं आहे, आणि ते एवढ्यासाठी मोलाचं की अशा संघटना नव्यानं उभ्या करता येतात हे त्यातून दिसतं.

शब्दाला वजन येतं कुठून?

इथे थोडं थांबू. कारण ‘विश्वास’ हा शब्द फार सहज वापरला जातो. सभेत हात उंचावून शपथ घेतली म्हणून विश्वास बसत नाही. तो साठवावा लागतो, थोडा थोडा. आणि तो साठतो कुरबुरींमध्ये.

वस्तीतल्या कुरबुरी कोणत्या? नळाला पाणी कमी आलं, कुणी आधी हंडा लावला. गटार तुंबलं, घाण कुणाच्या दारात काढून ठेवली. भाडेकरूला काढलं. मुलीची छेड काढली. ध्वनिक्षेपक रात्री बंद झाला नाही. एरवी यात धर्म नसतो. पण दोन्ही बाजूंची नावं वेगळ्या धर्माची असली की या कुरबुरींना धर्माचा रंग चढायला वेळ लागत नाही. म्हणून त्या तशाच असताना, लहान असतानाच सोडवायच्या.

आणि सोडवायच्या म्हणजे काय? इथे आपण शांततेकडून न्यायाकडे येतो. समितीत बसून ज्याची चूक असेल त्याला, तो आपल्या समाजाचा असला तरी, तुझं चुकलं, असं म्हणणारा माणूस हवा. एकदा असं घडलं की पलीकडचे लोक ते विसरत नाहीत. हा माणूस आपल्या बाजूनं बोलला असं ते म्हणत नाहीत. हा माणूस खरं बोलला असं म्हणतात. वात्स्यायनाच्या व्याख्येतला आप्त असा घडतो. लहान न्याय पुन्हा पुन्हा केल्यानं माणसाच्या शब्दाला वजन येतं, आणि मोठ्या संकटात ते वजन कामाला येतं. ज्या वस्तीत लहान न्याय झाला नाही तिथे दंगलीच्या रात्री ‘शांत राहा’ म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. का ऐकावं?

धारावीतले दोघे

मुंबईत दंगलींनंतर, 1994 मध्ये, मोहल्ला एकता समित्यांची चळवळ सुरू झाली. त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशी मंडळी तिच्यात पुढे होती. भिवंडीचा अनुभव त्यांच्यासमोर होता. दंगलग्रस्त वस्त्यांमध्ये रहिवासी आणि पोलीस यांच्या बैठका, महिलांचे गट, तरुणांसाठी क्रिकेटचे सामने, असं ते काम पसरत गेलं.

यात धारावीतल्या दोघांची नावं घ्यावीच लागतील. एक भाऊ कोरडे, दुसरे वकार खान. एक हिंदू, मराठी. दुसरे मुसलमान, उत्तर भारतातून येऊन कपड्यांच्या धंद्यात स्थिरावलेले. 1992-93 ची होरपळ धारावीनं सोसली होती. त्यानंतर या दोघांनी मिळून वस्तीत काम केलं. वेगवेगळ्या धर्मांच्या पोशाखातली चार मुलं आणि ‘हम सब एक हैं’ असं लिहिलेलं भित्तिपत्रक वकार खान यांनी काढलं. ते शहरात दूरवर पोहोचलं. गणपतीत, ईदला, रस्त्यावर पडदा लावून एकतेवरची फीत दाखवायची, असंही त्यांनी केलं. अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या 2003 सालच्या ‘नाता’ या माहितीपटात या दोघांची मैत्री आणि काम पाहायला मिळतं.

कुणी म्हणेल, चार मुलांच्या चित्रानं काय होतं? चित्रानं काही होत नाही, हे मान्य करू. पण ते चित्र लावायला दोन माणसं एकत्र गल्लीत येतात, दुकानदाराशी बोलतात, परत पुढच्या महिन्यात येतात. लोक चित्र पाहतात त्याहून जास्त या दोघांना पाहतात. एकत्र असलेले, पुन्हा पुन्हा दिसणारे. चित्र हे निमित्त.

या वाटेवर चालणं कायमच सोपं नव्हतं. 1 जुलै 1946 रोजी अहमदाबादेत रथयात्रेच्या वेळी उसळलेल्या दंगलीत वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोन मित्र जमाव थोपवायला गेले आणि मारले गेले. गुजरातेत आजही वसंत-रजब ही नावं एकत्र घेतली जातात. त्यांचं धैर्य मोठंच. पण धैर्यवान माणसाला एकट्यानं जमावासमोर उभं राहावं लागू नये, यासाठीच तर संस्था हवी. जमाव जमण्याआधी वर्षानुवर्षं केलेलं कंटाळवाणं काम एखाद्या वसंताचा, एखाद्या रजबचा जीव वाचवू शकतं.

पण न्यायाचं काय?

आता या कामावरचा सर्वांत गंभीर आक्षेप घेऊ. आक्षेप असा: तुमच्या समित्या लोकांना गोड बोलून गप्प बसवतात. ज्यांनी मारलं ते मोकळे फिरतात, ज्यांनी आदेश दिले ते मोठे होतात, आणि ज्यांचं घर गेलं त्यांना तुम्ही क्रिकेटच्या सामन्याला बोलावता.

या आक्षेपात तथ्य आहे. श्रीकृष्ण आयोगानं फेब्रुवारी 1998 मध्ये अहवाल दिला. पोलिसांच्या पक्षपाताबद्दल आणि दंगल भडकावणाऱ्यांबद्दल त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्यावर कारवाई झाली ती अगदीच तुटपुंजी. 168 माणसं बेपत्ता झाली होती. त्यांतल्या फक्त 60 जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली. नोव्हेंबर 2022 मध्ये, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की उरलेल्या कुटुंबांचा शोध घ्या, त्यांना व्याजासह भरपाई द्या, आणि त्यावर देखरेखीसाठी समिती नेमा. तीस वर्षांत मुलं म्हातारी होऊ लागतात आणि आईवडील राहत नाहीत. अशा घराला सलोख्याबद्दल काय सांगायचं?

भिवंडीतसुद्धा पुढे काय झालं ते लपवून चालणार नाही. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन रहिवासी मेले आणि नंतर जमावानं दोन पोलिसांना ठार केलं. हा वाद दोन शेजारी समाजांमधला नव्हता. एक समाज आणि शासन यांच्यातला होता. म्हणजे ज्या पोलिसानं समितीत मध्यस्थ म्हणून बसायचं तोच इथे वादातला पक्षकार झाला. दोन शेजाऱ्यांचं भांडण मिटवायला जी रचना पुरते ती इथे पुरत नाही. पक्षकाराला न्यायाधीश करता येत नाही, हे न्यायाचं साधं तत्त्व आहे.

यातून समित्या निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष निघत नाही. त्यांची कसोटी कोणती, ते मात्र कळतं. दुबळ्याची तक्रार बलवानासमोर मांडता येते का? पोलिसाविरुद्धची तक्रार पोलिसासमोर, बिल्डरविरुद्धची तक्रार बिल्डरसमोर, आपल्याच पुढाऱ्याविरुद्धची तक्रार पुढाऱ्यासमोर? येत असेल तर ती सलोख्याची समिती. येत नसेल तर ती ‘शांतता राखा’ समिती, वाचनालयाच्या अर्थानं. जी समिती पीडिताला साक्ष देऊ नको म्हणते ती शांततेचं काम करत नाही. पुढच्या दंगलीची तयारी करते. आणि जी समिती त्याच्याबरोबर न्यायालयाच्या पायऱ्या चढते, कागदपत्रं जमवते, तारखेला सोबत जाते, तिच्या शब्दाला दोन्ही गल्ल्यांत वजन येतं. म्हणून शांतता आधी की न्याय आधी, हा वाद आपल्याला चुकीचा वाटतो. सलोख्याचं चलन विश्वास आहे आणि त्या चलनाची टांकसाळ न्यायाची आहे.

आज हे का अवघड झालंय

दोन गोष्टींनी हे काम आज अधिक अवघड केलं आहे. पहिली म्हणजे वस्त्यांची फाटाफूट. 1993 नंतर मुंबईतली असंख्य मुस्लीम कुटुंबं जीव मुठीत धरून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. आज अनेक सोसायट्यांत नाव ऐकून घर नाकारलं जातं. दलित कुटुंबांनाही हा अनुभव नवा नाही. ज्या शहरात पलीकडची गल्लीच उरत नाही तिथे पलीकडचा आप्त कुठून आणणार? घर भाड्यानं देण्या-न देण्याचा प्रश्न खासगी वाटतो, पण तो शांततेचाही प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट हातातल्या फोनची. पूर्वी अफवेला चालत जावं लागे; आता ती क्षणात पोहोचते. तिची किंमत कोण मोजतो हे पाहायला शहराबाहेरचं एकच उदाहरण घेऊ. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भटके लोक होते, भिक्षा मागत फिरणारे. इथे हिंदू-मुस्लीम प्रश्न नव्हता. पण रचना तीच. त्या गावात त्यांच्या बाजूनं ‘थांबा, मी यांना ओळखतो’ असं म्हणणारं कुणी नव्हतं. ज्याला गाव नाही, घर नाही, ओळखपाळख नाही, त्याला आप्त नाही. आणि ज्याला आप्त नाही त्याच्यावर अफवा पहिल्यांदा तुटून पडते. सामाजिक न्याय आणि शांतता यांचं नातं याहून स्पष्ट कसं दाखवावं?

मग आपण काय करू शकतो? सत्तर समित्या उभ्या करणं आपल्या हातात नसेल. पण आपल्या गल्लीत, आपल्या सोसायटीत एक प्रश्न विचारता येतो: उद्या अफवा आली तर पलीकडे कुणाला फोन करायचा? अशा एका माणसाचं नाव सुचतं का? आणि पलीकडे कुणाला आपलं नाव सुचेल का? सुचत नसेल तर काम तिथून सुरू होतं. ते सण येण्याची वाट पाहत नाही. शाळेतल्या शिक्षिका, आशा ताई, अंगणवाडी सेविका, दोन्हीकडच्या घरांत जिचं जाणं-येणं आहे अशी प्रत्येक बाई या कामात पुढारी मंडळींपेक्षा जास्त उपयोगाची आहे. तिला बैठकीत मागच्या रांगेत बसवू नये. बैठकीत आधी पाण्याचा, गटाराचा, भाड्याचा प्रश्न घ्यावा. एकतेवरचं भाषण शेवटी, वेळ उरला तर. पोलिसांना बोलवावं, पण बैठक पोलिसांची होऊ देऊ नये. आणि वर्षातून एकदा तरी स्वतःला विचारावं की आपल्या समाजाच्या माणसाला आपण शेवटचं ‘तुझं चुकलं’ कधी म्हटलं होतं.

अशा कामाचं फळ डोळ्यांना दिसत नाही. भिवंडीत ज्यांचा जीव वाचला त्यांना आपला जीव वाचला हे कळलंसुद्धा नसेल. ते सकाळी उठले, मागावर गेले, संध्याकाळी घरी आले. डिसेंबर 1992 मधला एक साधा दिवस. असे साधे दिवस आपोआप येत नाहीत, एवढंच आज सांगायचं होतं.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.